गगनबावडा ते दाजीपूर: घाटमाथ्याचा नकाशा घरी बसून काढलाय, पण कडाच गायब आहे

मसाईपठार

मंडळी नमस्कार. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही चौघं कोल्हापूरकर हिमाचलातल्या स्पितीत, गाडीरस्ता सोडून आतल्या खोऱ्यांतून चालायचा बेत करतोय. तिकडं वाटाड्या प्रत्येक ठिकाणी मिळेल याची खात्री नाही, म्हणून नकाशा वाचायची आणि जमलं तर करायचीही सवय आधी इथं लावून घ्यावी असं ठरलं. सरावाला घरचाच डोंगर घेतला, गगनबावड्यापासून दाजीपूरपर्यंतची सह्याद्रीची धार.

उपग्रहाचा ३० मीटरचा उंचीचा डेटा फुकट मिळतो, तो उतरवला. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये दर २० मीटरला एक अशा समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या) काढल्या. दिसायला एकदम फर्मास. पण करूळ घाटाच्या अंगाला जिथं सरळसोट कडा डोळ्यांनी दिसतो, तिथं माझ्या नकाशावर चढून जाता येईल असा उतार आहे. आणि दाजीपूरच्या बाजूला सड्याच्या (उघड्या कातळाच्या माळाच्या) कडेनं एक पायरीसारखी उठलेली रेषा येते, तसं तिथं जागेवर काहीही नाही.

प्रश्न असे: कडा कुठं गेला? ती पायरी कुठून आली? आणि इथं हे हाल असतील तर स्पितीत या रेषांवर कितपत विसंबायचं? सर्व्हे ऑफ इंडियाचं टोपोशीट, म्हणजे उंचसखल दाखवणारं नकाशाचं छापील पान, घ्यावं म्हटलं तर कुठलं पान घ्यायचं तेही कळेना.

रंकाळ्याचा_राजा

भावा, आधी मिसळ खा, मग कडा दिसंल.

भूगोलवाली

पानांचं आधी सांगते, ते सोपं आहे. जुन्या क्रमांकात आपला सगळा भाग ४७ या मोठ्या चौकटीत येतो: १६ ते २० अंश अक्षांश, ७२ ते ७६ अंश रेखांश. तिचे एक-एक अंशाचे सोळा तुकडे, ए पासून पी पर्यंत. प्रत्येक तुकड्याचे पुन्हा १५ मिनिटांचे सोळा, क्रमांक वरून खाली उतरत जातात आणि मग शेजारच्या रांगेत. १:५०,००० चं एक पान म्हणजे असा १५ मिनिटांचा तुकडा. आपल्या अक्षांशावर साधारण पावणेअठ्ठावीस किलोमीटर उंच आणि साडेसव्वीस रुंद.

गगनबावडा ४७ एच/१४, दाजीपूर ४७ एच/१५. तुमची धार या दोन पानांत बसते. गंमत कोल्हापूर शहराची आहे. सव्वाचौऱ्याहत्तरचा रेखांश शहरातूनच जातो, त्यामुळे अंबाबाईचं देऊळ आणि रंकाळा ४७ एल/२ वर, तर शिवाजी विद्यापीठ ४७ एल/६ वर. पन्हाळा-पावनखिंड-विशाळगड करणाऱ्यांना तर तीन पानं लागतात: एल/१, एच/१३, आणि विशाळगड एच/९ च्या अगदी काठावर. चालणारा माणूस नेहमी पानाच्या कोपऱ्यातच अडकतो, हा माझा अनुभव.

आता ही पानं भारतीय नागरिकाला सर्व्हेच्या संकेतस्थळावरून पीडीएफ रूपात उतरवता येतात. पूर्वी किनाऱ्यालगतचा आणि सीमेलगतचा रुंद पट्टा निर्बंधित असायचा, आणि आपला घाटमाथा किनाऱ्यापासून फार लांब नाही. २००५ च्या नकाशा धोरणानं लष्करासाठी वेगळी मालिका आणि सामान्यांसाठी खुली मालिका अशी विभागणी झाली, तेव्हापासून मोकळीक आली. स्पितीचं मात्र तसं नाही. तिबेटची सीमा शेजारी आहे, तिकडची सगळी पानं हाती येतीलच असं धरून बेत आखू नका.

कड्याचं उत्तर रात्री लिहिते, पेपर तपासायचेत.

बिटबाईट

कड्याचं मी सांगतो. तुमचा डेटा बहुतेक एसआरटीएमचा असणार. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानानं ११ दिवस रडार फिरवून ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण एवढा पट्टा मोजला. एक रडार यानात, दुसरा अँटेना ६० मीटर लांब दांडीच्या टोकाला. दोघांना परत आलेल्या लहरींतल्या फरकावरून उंची काढली. त्यातली ३० मीटरची जाळी आपल्याकडे उघडी झाली ती २०१४ नंतर.

जाळी म्हणजे काय, तर ३० बाय ३० मीटरच्या प्रत्येक चौकोनाला एकच आकडा. आता ६० मीटरचा उभा कडा घ्या. वरच्या चौकोनाला वरची उंची, खालच्याला खालची, आणि मधल्याला सरासरी. म्हणजे ६० मीटरची उतरण जमिनीवर ६० मीटरभर पसरली. झाला ४५ अंशांचा उतार! संगणकाला कडा माहीतच नाही, त्याला फक्त आकडे माहीत. शिवाय छोटे कडे तर सरळ गिळले जातात. ८०१ मीटरवरून ८१९ वर जाणारा अठरा मीटरचा कडा ८०० आणि ८२० च्या रेषांच्या मधे बसतो. नकाशावर तिथं कोरा कागद, जागेवर सहा मजल्यांची भिंत.

मसाईपठार

@बिटबाईट, बाप रे. म्हणजे जिथं रेषा विरळ तिथं सोपं, हे शाळेत शिकलेलं आपल्या घाटात अर्धंच खरं.

फलकयंत्र

मी भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेला माणूस. आमची मोजणी शेताची, डोंगराची नव्हे. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळीभर लांबी-रुंदीचा गुंठा. पण फलकयंत्र आम्हीही वापरलं, आणि डोंगराचे जुने नकाशे त्याच यंत्रावर झाले, म्हणून दोन शब्द.

तिवईवर पाट. पाटावर कागद. आधीच ठरलेल्या बिंदूवर पाट मांडायचा, पाणसळीनं समपातळीत आणायचा, दिशेला लावायचा. मग दुर्बीण लावलेली पट्टी समोरच्या सुळक्यावर धरायची आणि कागदावर रेघ ओढायची. पाट उचलून दुसऱ्या बिंदूवर जायचं, त्याच सुळक्यावर पुन्हा पट्टी, पुन्हा रेघ. दोन रेघा छेदल्या की सुळका कागदावर आला. तिसरी रेघ पडताळ्याला. तिन्ही एका ठिकाणी नाही आल्या तर कुठं तरी चुकलंय, हे तिथल्या तिथं कळतं, घरी आल्यावर नाही. उंची नतिमापकानं, कोन आणि अंतर यावरून.

आता मुद्दा. अशा उंच्या मोजून थोड्याच घ्यायच्या असतात. मधल्या समोच्च रेषा सर्व्हेअर तिथंच बसून, समोरचा डोंगर बघत काढायचा. सोंड कुठं वळते, घळ कुठं आत घुसते, हे त्याच्या डोळ्यासमोर असायचं. म्हणून जुन्या पानावर एखाद्या शिखराची जागा पाच-पन्नास मीटरनं हललेली असेल, पण डोंगराचा चेहरा ओळखू येतो. संगणकाच्या नकाशात प्रत्येक आकडा जागेवर असतो आणि चेहरा मात्र मेणाचा.

कड्याला त्यांनी वेगळी खूण ठेवली आहे, समोच्च रेषेवर भरवसा टाकलेला नाही. खुणेशेजारी आकडा आणि पुढे ‘आर’ दिसेल. ती समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे, तिथल्या तिथली सापेक्ष उंची. ‘१५ आर’ म्हणजे पंधरा मीटर उभा. ते शोधा. त्रिकोणात ठिपका असेल तर तो त्रिकोणमितीय बिंदू. नुसता ठिपका आणि आकडा म्हणजे स्थळाची उंची. प्रत्येक पाचवी समोच्च रेषा जाड असते, मोजताना तीच धरा.

सह्यवेडी

काका, किती छान लिहिलंत. हे वेगळा धागा म्हणून टाका ना.

फलकयंत्र

टंकायला वेळ लागतो मला. बघू.

भूगोलवाली

बिटबाईटनी माझं काम केलं. पायरीचं राहिलं.

ती पायरी झाडांची आहे. रडारची लहर दाट पानोऱ्यात पूर्ण खालपर्यंत पोचत नाही. थोडी आत शिरून वरच्या वर परतते. दाजीपूरचं जंगल निमसदाहरित, फेब्रुवारीतही पानांनी भरलेलं. त्याला लागून सडा, म्हणजे उघडा जांभा, नुसतं गवत. सड्यावर मोजली गेली जमीन आणि जंगलात मोजला गेला झाडांचा माथ्याकडचा भाग. त्यामुळे जिथं रान संपतं तिथं दहा-पंधरा मीटरचा खोटा बांध उभा राहतो. सावराईच्या सड्याच्या कडेनं माझ्या विद्यार्थ्यांनाही तो सापडला होता. शेंडा म्हणजे जमीन नव्हे, एवढं लक्षात ठेवलं की झालं. ओढ्यांचंही तेच: अरुंद, झाडांनी झाकलेला ओढा या डेटात बुजून जातो, आणि नकाशा सांगतो की पलीकडच्या दांडावर (डोंगराच्या सोंडेवर) सरळ चालत जा.

आता स्पिती. तिथं झाड नाही, त्यामुळे ही भानगड नाही. उघड्या डोंगरावर हाच डेटा पुष्कळ चांगला वागतो. पण तिथं दुसरं संकट. रडार तिरकं बघतं. खोल घळीची एक बाजू त्याला दिसतच नाही, सावलीत जाते. आणि रडारकडे तोंड केलेला तीव्र उतार दुमडून एकमेकांवर पडतो. अशा जागी मूळ डेटात भोकं होती. आता जो भरलेला डेटा मिळतो त्यात ती दुसऱ्या स्रोतांनी किंवा आजूबाजूच्या आकड्यांवरून बुजवली आहेत. नकाशावर भोक दिसत नाही, पण जिथं माहिती सगळ्यांत कच्ची नेमकी तीच जागा घळ असते, आणि तुम्हाला ओलांडायची असते तीही घळच.

आणखी एक. हिमालयाच्या बऱ्याच पानांचा पाया १९६० च्या दशकातल्या हवाई छायाचित्रांचा आहे. तेव्हाची हिमनदी आज तिथंच असेल असं नाही. तिचं तोंड मागं सरकलेलं असतं आणि नकाशावरच्या बर्फाच्या जागी दगडांचा ढीग असतो. उपग्रहाचं ताजं चित्र शेजारी ठेवल्याशिवाय ते पान वाचू नका.

बिटबाईट

आपला कार्टोसॅट-१ उपग्रह, त्याचा डेटा बघितलात का? मे २००५ ला गेला. दोन कॅमेरे, एक पुढं बघणारा आणि एक जरा मागं, अडीच मीटरचं चित्र. एकाच जागेची दोन कोनांतून चित्रं, त्यावरून उंची. त्याचा ३० मीटरचा डेटा इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर मिळतो. रडारच्या सावलीची अडचण त्याला नाही, ढगांची आहे. मी दोन्ही उतरवतो आणि एकातून दुसरा वजा करतो. जिथं फरक मोठा तिथं लाल रंग. लाल जागा म्हणजे ‘इथं स्वतः जाऊन बघ’. कुठला डेटा चांगला यावर भांडण्यापेक्षा हे बरं.

आणि हो, फोनची उंची. तुमच्यापैकी कुणी कोल्हापुरात उभं राहून जीपीएसची कच्ची उंची बघितलीय का? पाचशेच्या खाली दाखवतं.

रंकाळ्याचा_राजा

व्हय की! मला वाटलं फोन चायनाचा हाय म्हणून.

बिटबाईट

फोन बरोबर आहे. जीपीएस उंची मोजतं ती एका गणिती लंबगोलापासून. समुद्रसपाटी त्या लंबगोलाशी जुळत नाही. भारताच्या दक्षिणेला तर ती पृथ्वीवरच्या सगळ्यांत मोठ्या खळग्यात आहे, श्रीलंकेच्या खाली शंभर मीटरहून जास्त. आपल्याकडे साठ मीटरपेक्षा जास्त फरक पडतो. काही ॲप तो फरक आपणहून भरून देतात, काही देत नाहीत. टोपोशीटवरची उंची समुद्रसपाटीपासूनची. साठ-सत्तर मीटर म्हणजे तीन समोच्च रेषा. धुक्यात उंचीवरून जागा ठरवायला गेलात तर खालच्या टप्प्यावर असल्याचं समजून चालत सुटाल. सुरुवातीला माहीत असलेल्या ठिकाणी तपासून घ्या.

भूगोलवाली

याला जोडून: कुणाकडे जुनी छापील पानं असतील तर ती एव्हरेस्ट नावाच्या जुन्या लंबगोलावर आहेत, फोन डब्ल्यूजीएस ८४ या जीपीएसच्या लंबगोलावर. तेच अक्षांश-रेखांश दोन्हीवर टाकले तर आपल्या भागात शंभर-दीडशे मीटरचं अंतर पडतं. धारेवर दीडशे मीटर म्हणजे कोकण. नवी खुली मालिका डब्ल्यूजीएस ८४ वरच आहे, ती घ्या.

सह्यवेडी

मसाईपठार, स्पितीला जाताय तर शिल्ला शिखराची गोष्ट माहीत असू दे. १८६० मध्ये सर्व्हेच्या एका खलाशानं तिथं खुणेचा खांब नेऊन रोवला म्हणतात. खलाशी म्हणजे साहेबाचं सामान वाहणारा, खांब धरणारा माणूस. तेव्हा शिखराची उंची काढली २३ हजार फुटांच्या वर, म्हणजे माणूस पोचलेली जगातली सर्वांत उंच जागा. कित्येक दशकं हा विक्रम म्हणून सांगितला गेला. नंतर नीट मोजणी झाली तेव्हा शिखर निघालं २० हजार १२० फूट, सुमारे ६१३२ मीटर. विक्रम गेला. पण १८६० साली सहा हजार मीटरवर लाकडाचा खांब घेऊन चढलेला माणूस, त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

फलकयंत्र

आमच्या खात्यातही साखळी ओढणाऱ्याचं नाव नकाशावर कधी आलं नाही. सही साहेबाची.

भूगोलवाली

काही नावं आली आहेत. १९३९ साली काराकोरममध्ये हिस्पार आणि बियाफो हिमनद्यांच्या भागात सर्व्हेचे फजल इलाही आणि इनायत खान फलकयंत्र घेऊन फिरले. थंडीत बोटं वाकत नाहीत तिथं त्यांनी कागदावर रेघा ओढल्या. त्या मोहिमेचा नेता शिप्टन सगळ्यांना माहीत असतो, ही दोघं नसतात. मी वर्गात मुद्दाम सांगते.

धनगरवाडा

नमस्कार. मी राधानगरीकडचा. तुमचं समदं वाचलं. रेषांचं आमाला काय कळत न्हाई, पण येक इचारतो. तुमच्या नकाशात नावं कुठं हायती?

आमच्यात प्रत्येक ओढ्याला नाव हाय, प्रत्येक दांडाला हाय. खाली कोकणात उतरायच्या नाळेला हाय. कुठल्या नाळंनं बैल उतरतो, कुठल्या नाळंनं नुसता माणूस, आन कुठली पावसाळ्यात बंद, हे म्हाताऱ्याला इचारलं तर बसल्या जागी सांगंल. त्यो म्हातारा गेला की संपलं. गावं धरणात गेली, वाडं उठलं, वाटा मोडल्या. तुमी कडा शोधाय लागलाय, कडा कुठं जात न्हाई. नावं चालल्यात.

मसाईपठार

दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी तुमच्याकडे येऊन नावं लिहून घेऊ का? कुठला दांड, कुठली नाळ हे दाखवणारं कुणी सोबत येईल?

धनगरवाडा

या की. पर येक सांगतो, पाणवठं नकाशावर घालू नका. गवं उन्हाळ्यात कुठं पाणी पितात ते समद्या जगाला कशाला सांगायचं? शिकारी बी मोबाईल वापरतो.

बिटबाईट

इथं मी जरा असहमत. खुला नकाशा म्हणजे खुला नकाशा. ओपनस्ट्रीटमॅपवर २००४ पासून लोक घालतायत म्हणून तर आज आपल्याला फुकट मिळतंय. पाणवठा लपवला तर वाट चुकलेला माणूस तहानेनं मरेल. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीयांना नकाशा करायला पूर्वपरवानगीही लागत नाही. मग आपणच कशाला झाकून ठेवायचं?

सह्यवेडी

परवानगी नकाशा काढायला लागत नाही, अभयारण्यात फिरायला लागते! वनखात्याची. राधानगरी अभयारण्य आहे, उत्तरेला चांदोली तर व्याघ्र प्रकल्पात. एखाद्यानं आतली वाट चालून ट्रॅक (फोननं नोंदलेली वाट) नेटवर टाकला की पुढच्या शनिवारी तिथं पन्नास जण आणि चिप्सची पाकिटं. मी स्वतः टाकलेले दोन ट्रॅक याच कारणानं काढून घेतलेत. वाट चुकलेल्यासाठी गावातलं पाणी, देवळाजवळची विहीर, धनगरवाडे हे दाखवा. आतले पाणवठे नकोत.

बिटबाईट

गावातल्या विहिरी घालायला तर दादांचीही हरकत नसेल. आतल्यांचं मान्य. पण कडे आणि धोक्याच्या जागा मात्र सगळ्या घाला, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

धनगरवाडा

हिरी घाला. कडं बी घाला. वरनं पडल्याली पोरं आमालाच उचलाय लागत्यात.

फलकयंत्र

नावं लिहून घेताना एक करा. एकाच माणसाचं ऐकून कागदावर चढवू नका. वरच्या वाडीत एक नाव असतं, खालच्या कोकणातल्या गावात त्याच नाळेला दुसरं. दोन्ही लिहा. कुणी सांगितलं, कुठल्या वाडीचा, ते वहीत ठेवा, नकाशावर नको. आम्ही गावनकाशाला हद्दी विचारायचो तेव्हा दोन्ही गावचे पंच एकत्र उभे करायचो. एकट्याला विचारलं की हद्द नेहमी त्याच्या बाजूनं सरकते.

आणि जिथून कडा पूर्ण दिसतो अशा दोन जागा निवडा. फलकयंत्र नसलं तरी होकायंत्र, कागद आणि पट्टी पुरे. दोन्हीकडून रेघा घ्या. त्या संगणकाच्या रेषांवर ठेवून बघा.

मसाईपठार

ठरलं. बेत असा: दोन्ही डेटांतला फरक काढून लाल जागा शोधतो. ४७ एच/१४ आणि एच/१५ उतरवून त्यातल्या कड्यांच्या खुणा आणि ‘आर’चे आकडे वेगळ्या थरात चढवतो. दाजीपूरची परवानगी काढतो. मग दादांच्या वाडीला, वही घेऊन. नकाशाचे दोन भाग: एक सगळ्यांसाठी, दुसरा वाडीतच राहील, छापून देतो.

पाऊस लागायच्या आत उरकायला हवं. नंतर गगनबावड्याला पुढचा माणूस दिसत नाही, कडा कुठला दिसतोय.

@फलकयंत्र, काका, पहिल्या दिवशी तुम्ही याल का? गाडीनं नेतो-आणतो.

फलकयंत्र

गुडघा बघून सांगतो. सड्यापर्यंत गाडी जात असेल तर येईन. तिवई माझ्याकडे आहे, पाट मात्र सुताराकडून करून घ्यावा लागेल. सागाचा करा, प्लायवूड दमटपणात वाकतं.

रंकाळ्याचा_राजा

पाटाचं माझ्याकडं लागलं. पापाच्या तिकटीला वळखीचा सुतार हाय. माप सांगा.